जाताना नाही, येताना

खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर फास्टॅग वाचला गेला, दांडा वर झाला, मी ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडीला मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखं झालं. एवढंच झालं खरं तर. धूर नाही, आवाज नाही, समोर कुठला लाल दिवाही नाही. पण त्या दणक्यानंतर गाडी एका गिअरमध्ये जी अडकली ती अडकलीच. पाय दाबावा तर इंजिन नुसतं केकाटतंय, काटा साडेतीन हजारावर आणि स्पीड जेमतेम पन्नास. पुढे शिंदेवाडीपासून नव्या कात्रज बोगद्यापर्यंतचा चढ, रविवारची संध्याकाळ, म्हणजे साताऱ्याकडून पुण्यात परतणारं अख्खं जग मागे लागलेलं, ट्रकवालेसुद्धा ओव्हरटेक करताना वाकून बघत होते की एवढी मोठी गाडी घेऊन हा माणूस असा रांगतोय का. घामाने स्टिअरिंग ओलं झालेलं. आणि मागच्या सीटवर डाव्या बाजूला, मावशीने वाईहून दिलेल्या हळदीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली आई शांतपणे म्हणाली, "जाताना नाही केलं हिने. येतानाच करते. मागच्या खेपेलाही येतानाच केलं होतं."

मी आरशात न बघताच म्हणालो, "आई, तुला काय कळतंय त्यातलं? गप्प बस ना जरा."

ती गप्प बसली, ती पार घर येईपर्यंत. बोगदा संपून नवले पुलाचा उतार लागला (त्या उतारावर मात्र दुसऱ्या गिअरमध्ये अडकणं फायद्याचंच ठरलं, इंजिनच गाडी धरून ठेवत होतं, तिथे न्यूट्रलवर ट्रक सोडणाऱ्यांना हे कुणीतरी दाखवायला हवं), मग वारजे, मग कर्वेनगर, पार्किंगमध्ये गाडी लावली. ती उतरली, पिशवी उचलली आणि लिफ्टकडे गेली. भांडण वगैरे काही नाही. आमच्याकडे भांडणं होत नाहीत, पिशव्या उचलल्या जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली तर गाडी शहाण्या पोरासारखी. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे गिअर कसे लोण्यातून सुरी जावी तसे. डहाणूकर कॉलनीला दोन चकरा मारल्या, काही नाही. ज्यांनी जुनी गाडी ठेवलीय त्यांना हे माहीत असेल, बिघाडापेक्षा बिघाड गायब होणं जास्त छळतं. बिघडलेली गाडी निदान दाखवता तरी येते. ही म्हणजे डॉक्टरच्या दारात गेल्यावर दाढ दुखायची थांबते त्यातली गत.

गाडीबद्दल थोडं. जर्मन आहे, २००१ सालची, कंपनीचं नाव सांगत नाही कारण सांगितलं की लोक एकतर हळहळतात नाहीतर हसतात. नऊ वर्षांपूर्वी कोरेगाव पार्कमधल्या एका गृहस्थांकडून घेतली, एका नव्या वॅगनआरच्या निम्म्या पैशात, तेव्हा सोसायटीतल्या काकांनी सांगितलं होतंच की हत्ती विकत घेता येतो हो, चारा परवडला पाहिजे. पण मला त्या गाडीचं दार बंद होतानाचा आवाज आवडला होता. ठप्प असा, तिजोरीसारखा. मे महिन्यात उन्हात उभी असली की आत चामड्याचा आणि जुन्या लाकडाचा जो वास येतो तो मला माझ्या आजोबांच्या कपाटाचा वाटतो, आणि हे कारण बायकोला सांगून पटण्यासारखं नाही म्हणून मी सांगितलेलं नाही. आणि तिचा तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पाच गिअर आहेत हे फक्त कागदावर वाचून कळायचं, गाडीत बसून कळायचं नाही. पोटातलं पाणी हलायचं नाही.

त्या गिअरबॉक्सचं असं आहे की त्याच्या आत आपल्या नेहमीच्या गाडीसारखा क्लच नाही की गिअर मागेपुढे सरकत नाहीत. मध्ये एक सूर्य, त्याच्याभोवती फिरणारे ग्रह आणि बाहेरून, आतल्या अंगाला दात असलेलं कडं, अशी गिअरची कुटुंबं, आणि त्यातल्या कुणाला धरायचं, कुणाला सोडायचं हे ठरवणाऱ्या क्लच प्लेटांच्या गड्ड्या. धरण्या-सोडण्याचं काम तेलाच्या दाबावर. तेलाला कुठे जायचं ते सांगणारा एक चक्रव्यूहासारखा ॲल्युमिनियमचा ठोकळा, आणि त्या ठोकळ्याच्या व्हॉल्व्हना हुकूम देणारा कॉम्प्युटर. आता हा कॉम्प्युटर आंधळा आहे, त्याला शाफ्ट किती वेगाने फिरतोय हे सेन्सर सांगतात तेवढंच कळतं. आत येणारा वेग आणि बाहेर जाणारा वेग यांचा हिशोब जुळला नाही की तो घाबरतो. घाबरला की सगळे हुकूम बंद करतो आणि गाडी एका गिअरला बांधून टाकतो, माझ्या गाडीत दुसऱ्या. लंगडत का होईना पण घरी जा, म्हणून त्याला लिंप मोड म्हणतात. म्हणजे टोलनाक्यावर जे झालं ते गाडी तुटणं नव्हतंच, ती घाबरली होती. पण कशाला घाबरली, हे कोण सांगणार?

सांगणारे पुष्कळ निघाले. एका मित्राकडे हजार रुपयांचा ब्लूटूथ डोंगल होता, तो लावला तर मोबाइलवर आलं, नो फॉल्ट. तो डोंगल फक्त इंजिनशी बोलतो, गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर त्याला ओळखही देत नाही, हे आम्हाला नंतर कळलं. व्हॉट्सॲपवरच्या जाणत्यांनी दोन गट केले. एक म्हणे लगेच ऑइल बदल, दुसरा म्हणे जुन्या गिअरबॉक्सचं ऑइल बदललंस तर तो आठवड्यात बसेल, आणि दोन्ही गटांकडे कुणाच्या तरी मेव्हण्याच्या गाडीचा पुरावा होता. मग बाणेरच्या बाजूच्या एका चकचकीत वर्कशॉपमध्ये नेली. तिथे काचेच्या खोलीत कॉफी दिली, लॅपटॉप जोडला, दहा मिनिटं आतबाहेर झालं, आणि एक तरुण मुलगा टॅबलेट घेऊन आला. गिअरबॉक्स ओव्हरहॉल, दोन लाख पंच्याऐंशी हजार अधिक टॅक्स. गाडी लिफ्टवर चढवली नव्हती. कुणी तेल बघितलं नव्हतं. मी विचारलं नक्की काय गेलंय, तर म्हणाला, "सर, वय झालंय आता गाडीचं." मला पटलंही. म्हणजे मला ते पटवूनच घ्यायचं होतं बहुतेक, कारण कुणी मोठा आकडा सांगितला की आपली जबाबदारी संपते, आता विकून टाकू, नशीब, असं म्हणता येतं. घरी येताना मी मनातल्या मनात जाहिरातसुद्धा लिहिली.

आई जेवताना म्हणाली, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "वय झालंय." ती म्हणाली, "कुणाचं?"

आमच्या घरातली पहिली ऑटोमॅटिक गाडी आईची होती, हे मला त्या रात्री आठवलं. लूना. पुण्याच्याच कायनेटिक कंपनीची, १९७२ पासूनची, आणि गिअर नव्हताच तिला, वेग वाढला की क्लच आपोआप धरायचा. बाबांकडे चेतक. डाव्या मुठीत गिअर, कचकच करत बदलायचा, क्लचची वायर दर सहा महिन्यांनी तुटायची आणि ती तुटल्याचा बाबांना एक प्रकारचा अभिमान असायचा. लूनाला ते गाडी म्हणायचेच नाहीत. "गिअर नाही ती काय गाडी?" पुढे १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, पट्ट्यावर चालणारी, बटन दाबलं की सुरू होणारी, तिलाही गल्लीतले पुरुष बायकांची गाडी म्हणाले. पुण्यातल्या बायका गिअर न बदलता सुखाने ऑफिसला पोचत होत्या आणि पुरुष लक्ष्मी रोडला उजवा पाय आपटत किका मारत होते. आणि आता मी, त्याच बाबांचा मुलगा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा शौकीन म्हणून मिरवतो आणि आईला म्हणतो तुला काय कळतंय.

लूनावरून ती टेलिफोन एक्स्चेंजला जायची. ट्रंक ऑपरेटर, म्हणजे परगावचे कॉल जोडून देणारी. रात्रपाळीसुद्धा. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग, पीपी कॉल, कॉलच्या प्रकारांचे हे शब्द मी अ आ ई च्या आधी शिकलो असेन. कानाला हेडसेट आणि समोर भोकांचा बोर्ड, आठ तास नुसतं ऐकायचं. ती सांगायची की दोर खोचल्यावर पहिल्या खरखरीवरून कळतं, पलीकडे कुणी उचललंय की लाइनच खराब आहे. आणि पावसाळ्यात तर केबलमध्ये पाणी शिरलं की आवाजच वेगळा यायचा, तळण्यासारखा. जुन्या केबलच्या तारांना कागद गुंडाळलेला असायचा, जॉइंटला एक फट पडली की पाणी त्या कागदातून चढत चढत कुठल्या कुठे जायचं. खड्डा एका चौकात आणि बोंब दुसऱ्या. लाइनमन लोक म्हणे तिला येऊन विचारायचे, बाई, आज कसा आवाज येतोय? मला हे सगळं माहीत होतं. लहानपणी दहा वेळा ऐकलेलं. माहीत असून टोलनाक्यावर ते उपयोगाला आलं नाही.

शिवण्याच्या औद्योगिक वसाहतीत, उत्तमनगरच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये एक मामा आहेत. फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स करतात. बोर्ड नाही, दारात तुळशीच्या शेजारी एक टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला पोचवतो तो भाग) पडलेला असतो, पितळी हंड्यासारखा, तीच खूण. गाडी विकायच्या आधी शेवटचं म्हणून तिथे नेली. मामांनी बॉनेट उघडलं नाही, लॅपटॉप काढला नाही. हात पुसत विचारलं, "कधी करते?"

मी म्हणालो, धक्का मारते, मग अडकते. "ते झालं. कधी? गार असताना का गरम? पळताना का थांबून उचलताना? कितव्यातून कितव्यात जाताना?" मी उभा. नऊ वर्षं चालवतोय, त्या गाडीवर माझं प्रेम आहे असं मी लोकांना सांगतो, आणि ह्यातल्या एकाचं उत्तर मला देता येईना. मला फक्त भीती आठवत होती आणि दोन लाख पंच्याऐंशी. मग मी म्हणालो, आईला विचारतो. मामांनी भुवया वर केल्या. मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"मावशी, नमस्कार, गाडीचं विचारायचं होतं जरा," मामा म्हणाले.

आई क्षणभर थांबली, आणि मग तिचा आवाजच बदलला. "बोला," असं म्हणाली. तो बोला मी तीसेक वर्षांनी ऐकला.

"हे बघा, निघाल्यापासून तासभर काही करत नाही. तासाने करते. पळताना नाही, थांबून परत निघाली की. जाताना आम्ही शिरवळला चहाला थांबतो, गाडी बंद असते, तिथून निघाल्यावर नीट जाते. येताना आम्ही कुठेच थांबत नाही, याला घाई असते. मग टोलवर येऊन करते. दोन्ही वेळा तिथेच." मामा मान हलवत होते, जणू ती समोर बसलीय. "आणि एरवी चार हिसके असतात. कळत नाहीत, पण असतात. पहिले दोन लागोपाठ, मग तिसरा, मग चौथा बराच उशिरा. त्या दिवशी टोलनंतर एकही आला नाही. नुसता आवाज चढत गेला."

पाच गिअर. चार बदल. मी कधी मोजले नव्हते.

मामांनी विचारलं, "मग बंद करून परत चालू केली तेव्हा?" "ते याने केलंच नाही," आई म्हणाली. "मी म्हणणार होते. पण." आणि पण वर थांबली. शेडमध्ये कुठेतरी कॉम्प्रेसर चालू होता, तो बंद झाला नेमका तेव्हाच. मामांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत, फोन मला परत दिला.

पुढचं तसं सरळ होतं. मामांचं म्हणणं, क्लच प्लेटा गेल्या असत्या तर गार असतानाही घसरली असती आणि बंद-चालू करून शहाणी झाली नसती. तासाने, गरम झाल्यावरच, आणि मधे बंद केली तर बरी, म्हणजे सेन्सर नाहीतर वायर. मग त्यांचा पोरगा लॅपटॉप घेऊन शेजारी बसला आणि आम्ही चांदणी चौकापर्यंत दोनतीनदा वर-खाली केलं. गिअरबॉक्सचं तापमान नव्वदच्या पुढे गेलं आणि स्क्रीनवर आत येणाऱ्या शाफ्टच्या वेगाचा जो आकडा नाचत होता तो एकदम शून्य झाला. गाडी धावतेय, शाफ्ट फिरतोय, आकडा शून्य. परत आला. परत शून्य. मी तो आकडा बघत होतो आणि मला कॉम्प्युटरची दया आली, कुणीही घाबरेल.

तेल बघायला या गाडीत दांडीच नाही. नळी आहे, वर झाकण आहे, झाकणाला सील, आणि आत घालायची दांडी फक्त मेकॅनिककडे, कारण तेल म्हणे गाडीच्या आयुष्यभराचं. कुणाचं आयुष्य ते लिहिलेलं नाही. मामांनी स्वतःची दांडी आणली, इंजिन चालू ठेवून, तेल ऐंशी डिग्रीला आल्यावर बुडवली. कमी निघालं. बोटावर घेऊन हुंगलं, मलाही हुंगायला दिलं. डाळिंबी रंग पार काळपट झालेला पण जळका वास नव्हता. मग गेलं कुठे? गाडी वर घेतली. गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला एक गोल प्लास्टिकचा प्लग असतो, सगळ्या वायरी त्यातून आत जातात, लिंबाएवढा असेल. त्याच्या भोवती आत दोन रबरी रिंगा. त्या चोवीस वर्षांत सुकून कडक झाल्या होत्या आणि प्लग घामेजलेला दिसत होता, थेंबही पडेल न पडेल असा. मामा म्हणाले, खाली पडलं असतं तर बरं झालं असतं, वर गेलंय. मला कळेना वर कसं जाईल. त्यांनी बॉनेट उघडून कॉम्प्युटरचा डबा उघडला, जोडणी उपसली आणि टॉर्च धरला. पितळेच्या पिनांच्या मध्ये लाल तेल. समईत वात भिजते तसं ते तारांच्या आतून, धाग्याधाग्याने, मीटरभर चढून कॉम्प्युटरच्या दारात येऊन बसलं होतं.

मी तिथेच आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "जॉइंटमध्ये पाणी," आणि कुकर झाला म्हणून फोन ठेवला.

गिअरबॉक्सखालचा तेलाचा पॅन खोलला तेव्हा मी मुद्दाम थांबलो, सुट्टी टाकून. अर्धंच तेल निघतं त्यातून, उरलेलं कन्व्हर्टरच्या हंड्यात. पॅनच्या तळाशी एक लोहचुंबक असतं, झिजलेल्या लोखंडाचा चुरा धरून ठेवायला. त्यावर करड्या रंगाचा लगदा जमला होता. मामांनी चिमूटभर उचलला आणि अंगठा-तर्जनीत चोळला, डोळे मिटून, अगदी तंबाखू मळतात तसा. माझी छाती धडधडत होती, का कोण जाणे. "खरखरीत नाही," ते म्हणाले. "मऊ आहे. आत सगळं शाबूत." मग सेन्सर बसवलेली प्लेट नवी, तो लिंबाएवढा प्लग नवा, फिल्टर, गॅस्केट, तेल, सगळं धरून बेचाळीस हजार झाले. त्यात ज्याने हे सगळं घडवलं त्या प्लगचे दोन हजारही नव्हते. वायरीतलं तेल मात्र लगेच संपत नाही, ते झिरपत राहतं, म्हणून पुढचे दोन महिने दर पंधरा दिवसांनी डबा उघडून पिना स्प्रे मारून पुसायच्या असं सांगितलंय. मी पुसतो. पहिल्या वेळी फडकं लाल झालं, दुसऱ्या वेळी गुलाबी.

आईशी त्या टोलनाक्यावरच्या वाक्याबद्दल मी बोललेलो नाही. दोनदा सुरुवात केली. एकदा तिने विचारलं भाजी कुठली करू, आणि एकदा मीच दुसरं काहीतरी बोललो. बिल मात्र तिला दाखवलं, तिने चष्मा लावून ओळ न ओळ वाचलं आणि विचारलं की लेबर एवढंच कसं घेतलं त्यांनी.

परवा वाईला गेलो होतो परत. जाताना शिरवळला चहा झाला. येताना मी मुद्दाम कुठे थांबलो नाही. मी म्हटलं होतं पुढे बस, तर नाही म्हणाली, मागेच बरं, मागे नीट कळतं. खंबाटकीचा बोगदा गेला, शिरवळ मागे पडलं, सव्वा तास होत आला होता. टोलला रांग होती. फास्टॅग वाचला गेला, दांडा वर झाला, मी ब्रेकवरचा पाय काढला आणि श्वास तसाच धरून ठेवला. गाडी निघाली.

"एक," मागून आवाज आला.

मग लगेच, "दोन."

मला काहीच जाणवलं नव्हतं. मी आरशात बघितलं, ती डोळे मिटून बसली होती, दोन्ही हात पिशवीवर. "आई, नीट आहे ना गं? काही वेगळं वाटतंय का?"

"गप्प बस ना जरा," ती म्हणाली. "तीन."